पहिली ओळ माझी

आमच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात दोन कॉम्प्युटर आहेत आणि ते दोन्ही इंटरनेटवर सरळ जात नाहीत. आधी कुठल्या तरी परमुलखातल्या मशीनकडे जातात आणि विचारतात, जाऊ का? ते हो म्हणालं तर पुढे. नाही म्हणालं तर बसा हात चोळत. त्या मशीनला प्रॉक्सी सर्वर म्हणतात. ते कुठे ठेवलंय हे आमच्या चेअरमनला माहीत नाही, सेक्रेटरीला माहीत नाही. ज्याने ते लावून दिलं त्या बोईसरच्या इंजिनेरला विचारलं, तर तो नुसतं बोट वर करतो. जणू आमच्याच पत्र्यावर ठेवलंय.

मी चौथी शिकलो. पाचवीत आठ दिवस बसलो, मास्तराने उगाच मारलं म्हणून उठून आलो आणि परत गेलो नाही. हे मी लाजून सांगत नाही. होडी भावाकडे राहिली आणि मी तारापूरच्या वसाहतीत एका रंगाच्या कारखान्याचं गेट धरलं. तीस वर्षं. पदव्या घेतलेली माणसं माझ्यासमोर रांगेत उभी राहून रजिस्टरात सही करायची, आणि सही चुकीच्या रकान्यात केली तर मी त्यांना परत करायला लावायचो. त्यामुळे कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं हे मला कॉम्प्युटरवाल्यांनी शिकवू नये, असं माझं मत होतं. बरंचसं अजूनही आहे.

माझी सून सोसायटीत क्लार्क आहे. मुलगा होडीवर असतो, ती ऑफिसात. पावसाळ्याची बंदी उठायच्या आधी प्रत्येक होडीचे कागद ऑनलाईन भरावे लागतात, त्याशिवाय होडीला बाहेर पडता येत नाही. ते काम तिचं. त्यासाठी कोळगावला जिल्ह्याच्या मोठ्या कचेरीत जाऊन शिकून आलेली. आमच्या कमिटीतलं दुसरं कोणी काही शिकून आल्याचं मी ऐकलेलं नाही, त्यांना सगळं जन्मतः येतं.

त्या वर्षी नेट इतकं सुस्त झालं की एक कागद चढेपर्यंत चहा गार व्हायचा. कारण आंधळ्यालाही दिसलं असतं. होड्या वर ओढलेल्या, जाळी विणून झालेली, माणसं रिकामी, आणि सोसायटीच्या पायरीवर ऑफिसच्याच वायफायचं फुकटचं नेट. पाऊस असो नसो, पायरी भरलेली. वीसएक माना खाली. मधूनच एखादा हसणार, आणि काय बघतोस विचारलं तर फोन उलटा धरणार. आमचे बापजादे पावसाळ्यात भांडायचे तरी.

चेअरमनने कमिटीत काय करावं? पायरीवरच्यांना उठवावं? छे. त्याने सगळं सुनेवर ढकललं.

"बाईमाणसाला कोण ऐकतंय?" तो म्हणाला. "माझा भाचा आयटीआय झालेला हाय. रविवारच्या सभेपर्यंत नेट सुधारून होड्यांचे कागद गेले तर ठीक. नाय गेले तर त्या खुर्चीत भाचा बसंल."

हे त्याने सोमवारी सांगितलं. म्हणजे सुनेकडे सहा दिवस.

तो भाचा मला माहीत होता. बंदरावर त्याला बर्फाच्या लाद्या मोजायला ठेवलेला, तर लाद्या वितळून गेल्या तरी याची मोजणी चालूच. असा माणूस खुर्चीवर बसवायचा म्हणजे खुर्ची रिकामी ठेवायची आणि वर भाचा ठेवायचा.

सुनेने रडारड केली नाही. तिने इंजिनेरला फोन लावला, वही घेतली आणि नियम लिहायला बसली. त्या प्रॉक्सी सर्वरवर नियमांचं एक पान असतं. कोणाला जाऊ द्यायचं, कुठे जाऊ द्यायचं, कोणाला अडवायचं, एकेका ओळीत लिहायचं. इंजिनेराने मशीन लावून दिलं होतं, पण ते पान तसंच मोकळं सोडलं होतं. नवं घर बांधून द्यायचं आणि दारं तुम्ही बसवा म्हणायचं, त्यातला प्रकार.

मी रोज दुपारी ऑफिसात जाऊन बसतो. तेव्हा आत बसायचो. कोणी बोलावलेलं नसायचं. गुरुवारी गेलो तर तिने ओळी लिहून कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या आणि बटण दाबायचं तेवढं बाकी होतं. मी तिच्या मागे उभा राहिलो आणि म्हणालो, वाच.

तिने वाचलं. ऑफिसचे दोन कॉम्प्युटर, होड्यांच्या कागदाच्या पानावर चालू. हवामानाच्या पानावर चालू. बँकेच्या पानावर चालू. शेवटी, बाकी सगळ्यांना सगळं बंद.

"बंदी शेवटी?" मी म्हणालो.

"हो बाबा. इंजिनेरने सांगितलंय, ती सगळ्यात खाली ठेवायची."

"त्याच्या बापाने कधी गेट बघितलं होतं का? बंदी पयली लिवतात."

आणि हे मी हवेत बोलत नव्हतो. बोईसरपासून तारापूरपर्यंत कुठल्याही कारखान्याची पाटी बघा. वर लाल अक्षरात, परवानगीशिवाय प्रवेश बंद. मग खाली बारीक अक्षरात कामगारांची वेळ, ट्रकची वेळ, भेटायला येणाऱ्यांनी काय करायचं ते. बंदी आधी, सवलत मागाहून. उलटं लिहिलेली पाटी मी एकही पाहिलेली नाही. आमच्या गेटवरची पाटी दर दिवाळीला मीच रंगवायचो, लाल रंग कारखान्याचाच.

"बाबा, ते मशीन वरून वाचत येतं," ती म्हणाली.

"मग बरंच झालं. वरच्या ओळीलाच दचकंल माणूस."

"माणूस नाय वाचत ते. मशीन वाचतं."

"मशीन काय माणसापेक्षा शानं हाय? घे ती ओळ वर."

बाकावर चार नाखवे आपापल्या होड्यांचे कागद घेऊन बसले होते. चौघेही आता कॉम्प्युटर सोडून आमच्याकडे बघायला लागले. चार माणसांत सून सासऱ्याला दोनदा नाही म्हणते, तिसऱ्यांदा म्हणत नाही, एवढी रीत आमच्याकडे अजून शिल्लक आहे. ती रीत मला त्या दुपारी फार बरी वाटली. तिने ओळ उचलून सगळ्यात वर नेली आणि बटण दाबलं.

आधी पायरीवर गडबड झाली. वीस माना एकदम वर. कोणी फोन हलवला, कोणी आभाळाकडे धरला. मला इतकं समाधान गेट सोडल्यापासून मिळालं नव्हतं.

"बघ," मी म्हणालो. "एका ओळीत साफ."

सून पडद्याकडे बघत होती. "बाबा, आपलं पन बंद झालं."

"आपलं म्हंजे?"

"सगळं. होड्यांचं पान, हवामान, बँक. सगळं."

"मग घे ती ओळ खाली परत."

"कशी घेऊ? नियमांचं पान पन त्याच मशीनमधून उघडतं. ते पन बंद."

मला समजायला थोडा वेळ लागला. मी बाहेर उभं राहून आतून कडी घातली होती.

तिने मोबाईलवरून करून बघितलं. उघडेना. नियमांचं पान फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरवरूनच उघडावं, असं इंजिनेराने बांधून ठेवलेलं, चोरांच्या भीतीने. होड्यांचे कागदही त्याच कॉम्प्युटरवरून जायचे. चार नाखव्यांपैकी एकाने कागदांची पिशवी काखेत मारली आणि उठला. होडीवर माझ्या भावाच्या हाताखाली शिकलेला माणूस, पण तोंडाला कधी दोर नव्हता.

"काका, गेट तर झ्याक लावलंस," तो म्हणाला. "आता होड्या कुठून काढू? कंपाउंडावरून उडी मारून?"

बाकीचे हसले. सून हसली नाही आणि मला काही बोललीही नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या आणि विषय मिटला असता.

इंजिनेरला फोन केला तर तो म्हणाला, मागच्या वाटेने मला त्या मशीनमध्ये शिरता येतं, पण तसं लेखी पाहिजे. काय बदललं, कोणाच्या सांगण्यावरून बदललं, खाली सही. एक प्रत चेअरमनला जाणार. त्यांच्या धंद्याचा तसा नियम. मशीन लावताना याला नियम आठवले नव्हते.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं रिक्षाने बोईसरला निघालो. पामचा फाटा गेला तरी ती बोलेना. शेवटी मीच म्हणालो, "ते मशीन अडाणी हाय."

"हो," ती म्हणाली. "त्याला सांगा तसं."

मग बोईसर येईपर्यंत मी रस्त्यावरचे खड्डे बघत बसलो.

इंजिनेराचं ऑफिस एका पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबल हलतं, आणि अशा हलत्या टेबलावर बसून हा माणूस लोकांची मशीनं सांभाळतो. खानदेशाकडचा, तिशीतला, चष्मा दोन्ही बाजूंनी पुसायची सवय. त्याने कागद घेतला आणि मला समजावायला लागला. मी समजाव म्हटलं नव्हतं.

"काका, समजा होडीचा कागद निघाला. मशीन पहिली ओळ वाचणार. ती ओळ ह्याला लागू पडते का? पडली, की मशीन तिथेच थांबणार. खालचं बघणारच नाही. तुमची पहिली ओळ काय, तर सगळ्यांना बंदी. सगळ्यांमध्ये तर सगळेच आले. मग खालच्या ओळीपर्यंत पोचणार कोण?"

"पाटीवर तसंच लिवतात," मी म्हणालो.

"पाटीवर चालतं. गेटवर तुम्ही होतात ना."

हे त्याने सहज म्हटलं आणि चष्मा पुसायला घेतला. पण मला ते लागलं, कारण खरं होतं. मालकाची गाडी आली की मी पाटी वाचत बसायचो का? भय्ये ड्रायव्हर रांगेतून ओरडायचे, "चाचा, खोलो ना, माल गरम हो रहा है," आणि ज्याचा माल खरंच तापणारा त्याला मी आधी सोडायचो. आग लागली तेव्हा बंबवाल्यांची सही घेतली नाही. पाटीवर बंदी होती आणि पाटीखाली मी उभा होतो. लाल अक्षरांच्या खालचं सगळं मला पाठ होतं, म्हणून ती अक्षरं वर शोभत होती. त्या मशीनजवळ असं कोणी उभं नाही. तरी मी अजून म्हणतो, नियम माझा चुकीचा नव्हता. वाचणारा चुकीचा होता. हे मी इंजिनेरला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं काका," आणि ते त्याने ज्या सुरात म्हटलं, त्या सुराबद्दल त्याला गेटवर मी तासभर उभा केला असता.

त्याने छापलेला कागद पुढे सरकवला. सुनेने पेन घेतलं. सोसायटीचं नाव, दिवस, काय बदललं, सगळं भराभर लिहिलं. मग कोणाच्या सांगण्यावरून या रकान्यात तिने लिहिलं, क्लार्क.

"हे काय लिवतेस?"

"खरं तेच. बटन मी दाबलं."

"सांगितलं कोनी?"

"बाबा, तुमचं नाव लिवलं तर चेअरमन विचारील, बाहेरच्या माणसाला कॉम्प्युटरजवळ उभं का केलं? ते तर अजून वाईट. माझी चूक झाली म्हटलं तर निदान चूक होते एकेकदा."

तिने हे सगळं आधीच विचार करून ठेवलं होतं. रिक्षात गप्प होती ती याच्यासाठी. आणि तिचं गणित चुकीचं होतं असंही नाही. मी गप्प राहिलो असतो तर गावात माझी मान ताठ राहिली असती, आणि खुर्ची वाचली तर तीही वाचली असती. वाचली तर.

"मी बाहेरचा नाय," मी म्हणालो. "सभासद हाय. मला सभेत उभं राहून बोलायचा हक्क हाय, तो भाच्याला नाय. आन इकडे."

पेन घेतलं. क्लार्क खोडलं. गेटच्या रजिस्टरात लिहायचो तसं, रेघेला डोकं टेकवून एकेक अक्षर लिहिलं. ओळ वर घ्यायला मी सांगितलं. सुनेने दोन वेळा नको म्हटलं होतं. मी ऐकलं नाही. खाली नाव आणि सही. माझी सही लांब आहे, पूर्ण नावाची. गिरणी चालू होती म्हणून शेवटचं अक्षर जरा नाचलं. इंजिनेर घड्याळ बघत होता. इतकी घाई होती तर पान मोकळं कशाला सोडलंस, हे मी त्याला तोंडावर विचारलं.

त्याने काम करायला किती वेळ घेतला? सुपारी चघळून होईपर्यंत. सून त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. बंदीची ओळ खाली गेली. मग तिने त्याला सांगितलं, नियमांच्या पानासाठी एक वेगळी वाट माझ्या मोबाईलवरून ठेवा, आणि ती बंदीत येणार नाही असं बघा. तो म्हणाला, बरोबर आहे, हे मी आधीच करायला पाहिजे होतं. मला बोलायची गरजच नव्हती, त्याने स्वतःच कबूल केलेलं.

शुक्रवारी दुपारपासून शनिवार संध्याकाळपर्यंत तिने सगळ्या होड्यांचे कागद चढवले. पायरी ओस पडली होती आणि नेट पाण्यासारखं धावत होतं. तो तोंडाळ नाखवा सगळ्यात शेवटी आला आणि कागद देऊन मुकाट गेला.

पण चेअरमनच्या हातात माझ्या सहीची प्रत पोचली होती. रविवारी सभा भरली तेव्हा त्याने होड्यांचा विषय काढलाच नाही. आधी ती प्रत उघडली आणि वाचली, एकदा साधी आणि एकदा माझा आवाज काढून. लोक हसले. मीही माझा आवाज दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि तो काही तितका वाईट नाही.

"गेटवाल्याने सोसायटीलाच गेटभाईर काढली," चेअरमन म्हणाला. "आता मला सांगा, सुनेच्या कामात सासरा हुकूम सोडतो. मग क्लार्क कोन? सून का सासरा?"

माणूस मूर्ख असला तरी प्रश्न बरोबर विचारून जातो कधी कधी, आणि त्याचा जास्त राग येतो. मी उभा राहिलो.

"चूक माझी. लिवून दिलंय, सही हाय. तिला दोष द्यायचा तर एवढाच, की तिने माझा मान राखला. आता तुझ्या भाच्याला विचार, बंदीची ओळ वर का खाली?"

भाचा मागे भिंतीला टेकून उभा होता. सगळ्यांनी मान वळवली. तो म्हणाला, "ते मी एखादा व्हिडिओ बघून करीन."

"व्हिडिओ बंद केलेत ना रे!" तोंडाळ नाखवा ओरडला आणि सभा अशी हसली की चेअरमनला टेबल वाजवावं लागलं.

मग सून उभी राहिली. हातात होड्यांची यादी. एकेका होडीपुढे परवानगी आलेली. ती यादी तिने टेबलावर ठेवली आणि सभेकडे तोंड करून म्हणाली, "कागद गेले. नेट चालू हाय. मला ठेवायचं असंल तर माझी एक अट. मी काम करताना माझ्या पाठीमागं कोनी उभं राहायचं नाय. चेअरमन नाय, कमिटी नाय, बाबा पन नाय. खुर्चीच्या मागं भिंत पायजे मला."

आता सगळ्या माना माझ्याकडे. भर सभेत, गावासमोर. तिसऱ्यांदा नाही म्हणायची तिची ही वेळ होती आणि तिने ती अशी वापरली. माझी कानशिलं तापली. मी पंख्याकडे बघितलं. पंखा चालू नव्हता.

चेअरमनला वाटलं, आता हा सासरा बिथरेल आणि काम आयतं होईल. तो गोड आवाजात म्हणाला, "काय काका? अट मान्य हाय?"

त्याचं ते तोंड बघून माझा निर्णय झाला. मी हात वर केला. माझ्या बंदीला सगळ्यात आधी माझाच हात. मग तोंडाळ नाखव्याचा, मग हळूहळू इतके, की सेक्रेटरीने मोजायचं सोडून दिलं.

तिची खुर्ची आता भिंतीला लावलेली आहे. घरी तिने तो विषय कधी काढला नाही, मीही काढला नाही. मी दुपारी अजून जातो, पण पायरीवर बसतो. ती मोकळीच असते. फुकटचं गेलं तसे लोकही गेले.

होड्या बाहेर पडल्यानंतर आठवड्याने चेअरमन माझ्या शेजारी येऊन टेकला. इकडचं तिकडचं बोलला. मग आवाज बारीक करून म्हणाला, "काका, माझ्या फोनवर ऑफिसात कुस्ती लागत नाय. तुझ्या सुनेला सांग ना, माझ्यापुरती एक ओळ घालायला."

"तूच सांग."

"सांगितलं. कमिटीकडे अर्ज द्या म्हनते."

"मग दे."

"अरे, सासरा ना तू तिचा?"

"हाय ना," मी म्हणालो. "मी पन भाईरच बसलोय."

तो धोतर झटकल्यासारखा पँट झटकून उठून गेला. अर्ज त्याने अजून दिलेला नाही. लिहिताना वरची ओळ काय घालावी, तिथेच अडला असणार.